देठातला सूर्य

नंदुरबारच्या आमच्या अंगणात प्राजक्ताचे एक झाड आहे. बँकेच्या नोकरीत असताना मी सकाळी त्याचा सडा तेवढा पाहिला. कळी उमलताना कधीच पाहिली नाही. रोकड जुळवून घरी पोहोचेपर्यंत रात्र झालेली असे. "एकदा तरी दिवेलागणीला या, कळ्या उघडताना बघू," असे पत्नी म्हणत असे. ती गेल्यानंतर, या भाद्रपदात, मी प्रथमच झाडाखाली खुर्ची टाकून बसलो.

प्राजक्ताची लोककथा आपण जाणतोच. एका राजकन्येने सूर्यावर प्रेम केले. सूर्याने तिला अव्हेरले. तिने देह अग्नीच्या स्वाधीन केला आणि त्या राखेतून हे झाड उगवले. सूर्याचे दर्शन सोसवत नाही, म्हणून त्याची फुले पहाटेच गळून पडतात. शास्त्रीय नावातील 'आर्बोर-ट्रिस्टिस' या शब्दांचा अर्थही 'दुःखी वृक्ष' असाच आहे.

नातीने मोबाइलवर ठरावीक अंतराने छायाचित्रे घेऊन कळी उमलण्याचा छोटासा चित्रपट केला. तो पाहताना दादासाहेब फाळके आठवले. 'राजा हरिश्चंद्र' (१९१३) काढण्यापूर्वी त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोप असेच थोडे थोडे टिपून 'अंकुराची वाढ' हा लघुपट केला होता. त्यावरूनच भांडवलदाराचा त्यांच्यावर विश्वास बसला.

मनात आले, ही कथा पडद्यावर आणायची तर राजवाडा नको, चिताही नको. आपले तोरणमाळ पुरे आहे. यशवंत तलावावर धुके असावे, सीताखाईत अंधार असावा. राजकन्या कुठेच दिसू नये. पानांवर टपटपणाऱ्या फुलांचा आवाज तेवढा ऐकू यावा. मग सातपुड्याच्या माथ्यावरून ऊन हळूहळू दरीत उतरावे आणि शेवटी पडद्यावर एकच फूल राहावे: पांढऱ्या पाकळ्यांचे, केशरी देठाचे. त्या देठांपासून पूर्वी वस्त्रे रंगवीत. ज्याने अव्हेरले, त्याच्याच उगवतीचा रंग तिने जपला आहे. मला या कथेत रुसवा दिसत नाही, निष्ठा दिसते.

भक्तामर स्तोत्राच्या ४८ श्लोकांच्या पाठात, प्रभूंवर होणाऱ्या दिव्य पुष्पवृष्टीच्या वर्णनात, पारिजाताचे नाव येते. ते म्हणताना आता माझा स्वर क्षणभर थांबतो.

हे फूल फांदीवरून तोडावे लागत नाही. पत्नी ते पहाटे ओंजळीने वेचत असे. आता मी वेचतो. वाचकहो, आपल्या घरी कोणी संध्याकाळी लवकर बोलावत असेल, तर जरूर जावे.