नेम धरण्याचे प्रकाशशास्त्र : दुर्बीण की लाल ठिपका?

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. अमेरिकेत मात्र हरणांची शिकार परवाना घेऊन, ठराविक हंगामात करता येते. तेथील अनेक राज्यांत काही शिकारी रायफलऐवजी मोठ्या रिव्हॉल्व्हरने शिकार करतात. अशा रिव्हॉल्व्हरवर दुर्बीण बसवावी की लाल ठिपका दाखवणारे साधन, हा तेथील जुना वाद आहे. शिकारीत आपल्याला रस नसेल. पण या वादात प्रकाशशास्त्र आणि यामिकी इतकी छान गुंफलेली आहेत, की नववी-दहावीच्या वर्गात भिंगे, आरसे आणि संवेगाची अक्षय्यता शिकवताना हे उदाहरण उपयोगी पडावे.

प्रथम प्रश्नाचे गांभीर्य लक्षात घेऊ. हरणाच्या हृदय-फुप्फुसांचा भाग साधारण २० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाएवढा मानतात. गोळी तेथे लागली तर प्राणी लवकर मरतो. ती बाहेर लागली तर जखमी हरीण पळून जाते आणि कित्येक तास, कधी कित्येक दिवस तडफडते. म्हणजे वर्तुळाच्या केंद्रापासून १० सेंटिमीटरपेक्षा जास्त चूक चालत नाही. नेमाच्या साधनाची निवड ही म्हणूनच केवळ हौसेची बाब राहत नाही.

साध्या नेमाची अडचण

साध्या रिव्हॉल्व्हरवर मागे एक खाच असते आणि नळीच्या टोकाशी एक उभी पट्टी, म्हणजे माशी. खाच, माशी आणि लक्ष्य एका रेषेत आणायचे. आता डोळ्याची अडचण पाहा. खाच डोळ्यापासून अर्ध्या मीटरवर, माशी पाऊण मीटरच्या आसपास आणि लक्ष्य ५० मीटरवर. डोळ्यातील भिंग एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट प्रतिमा देऊ शकते. चाळिशीनंतर तर जवळची माशीही धूसर दिसू लागते.

दुसरी अडचण भूमितीची. खाच आणि माशी यांतील अंतर २० सेंटिमीटर धरू. माशी खाचेच्या मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकली तर ५० मीटरवर किती चूक होईल? ५० मीटर हे २० सेंटिमीटरच्या २५० पट आहे; म्हणून चूकही २५० पट, म्हणजे साडेबारा सेंटिमीटर! अर्ध्या मिलिमीटरने गोळी वर्तुळाबाहेर जाते. शिवाय तीन मिलिमीटर रुंदीची माशी डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर असेल, तर ५० मीटरवरील सुमारे २१ सेंटिमीटर भाग तिच्यामागे झाकला जातो. जेथे नेम धरायचा तो भागच दिसेनासा होतो.

दुर्बीण काय करते?

दुर्बिणीत वस्तुभिंग लक्ष्याची प्रतिमा नळीच्या आत तयार करते. आतल्या भिंगांची दुसरी जोडी ती सुलटी करते, आणि फुलीच्या तारा याच प्रतिमेच्या प्रतलात बसवलेल्या असतात. त्यामुळे लक्ष्य आणि फुली एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात. तीन वस्तूंऐवजी एकाकडेच पाहायचे असते. शिवाय प्रतिमा मोठी होते.

परंतु रिव्हॉल्व्हर हात लांब करून धरायचे असते. रायफलच्या दुर्बिणीत डोळा नेत्रिकेपासून नऊ-दहा सेंटिमीटरवर असतो. येथे तो ४० सेंटिमीटरच्या आसपास असतो. त्यासाठी खास रचनेची दुर्बीण लागते आणि तिची किंमत दृष्टिक्षेत्राच्या रूपाने मोजावी लागते. नेत्रिकेचा व्यास ३६ मिलिमीटर धरला, तर ४०० मिलिमीटरवरून ती ३६/४००, म्हणजे ०.०९ रेडियन एवढा कोन व्यापते. दुर्बीण दुप्पट मोठे दाखवणारी असेल तर प्रत्यक्ष दृष्टिक्षेत्र याच्या निम्मे, ०.०४५ रेडियन. २५ मीटरवर आपल्याला जेमतेम १.१ मीटर रुंदीचा भाग दिसेल. चौपट वर्धन घेतले तर केवळ ५६ सेंटिमीटर! झाडीतून चालणारे हरीण एवढ्या झरोक्यात शोधणे अवघड.

आणखी एक बंधन आहे. वस्तुभिंगाच्या व्यासाला वर्धनाने भागले की नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. २० मिलिमीटरचे भिंग आणि दुप्पट वर्धन असेल तर ही जाडी १० मिलिमीटर. चौपट वर्धनाला केवळ ५. डोळ्याची बाहुली या झोतातच असली पाहिजे, नाहीतर अंधार दिसतो. लांब केलेल्या हातात हा झोत सतत हलत असतो. हात किती कापतो हेही वर्धनामुळे मोठे होऊन दिसते. कंप वाढत नाही, पण नेमबाज बिचकतो आणि चाप झटक्याने ओढतो.

मग वर्धनाची गरज किती? निरोगी डोळा एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा कोन ओळखू शकतो. ५० मीटरवर हे दीड सेंटिमीटर होते. वर्तुळ तर २० सेंटिमीटरचे आहे! म्हणजे ५० मीटरपर्यंत कमी पडतो तो डोळा नव्हे, हात.

लाल ठिपक्याची युक्ती

या साधनात एक छोटा प्रकाश उत्सर्जक डायोड अंतर्वक्र, अर्धपारदर्शक आरशाच्या नाभीवर ठेवलेला असतो. नाभीवरून निघालेले किरण आरशावरून परावर्तित होऊन समांतर होतात, हा आपल्या पाठ्यपुस्तकातलाच नियम. समांतर किरण अनंत अंतरावरून आल्यासारखे वाटतात, म्हणून ठिपका दूरच्या लक्ष्यावरच तरंगताना दिसतो. आरशावरचा लेप मुख्यतः लाल प्रकाश परतवतो आणि बाकीचे रंग आरपार जाऊ देतो. हा लेसर नव्हे. लक्ष्यावर कोणताही प्रकाश पडत नाही.

खरी गंमत पुढे आहे. डोळा आठ मिलिमीटर बाजूला सरकला तर काय होईल? ठिपक्याचे किरण समांतर असल्याने डोळ्याला मिळणारी नेमाची रेषाही मूळ रेषेला समांतर, फक्त आठ मिलिमीटर सरकलेली असेल. म्हणून चूक आठच मिलिमीटर राहील, लक्ष्य १० मीटरवर असो वा १०० मीटरवर. खाच-माशीच्या नेमातील चूक कोनाची असते, ती अंतराबरोबर वाढते. येथील चूक सरकण्याची, ती वाढत नाही. प्रत्यक्षात आरसा अगदी निर्दोष नसल्याने थोडी कोनीय चूक उरते, इतकेच.

ही कल्पना डब्लिनचे दुर्बीणकार हॉवर्ड ग्रब यांनी १९०० साली मांडली. पुण्याच्या सायन्स कॉलेजात १८८८ साली स्थापन झालेल्या महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेची २० इंची दुर्बीणही ग्रब यांच्याच कारखान्यातली. डायोडचा ठिपका वापरणारी साधने १९७० च्या दशकात स्वीडनमधून बाजारात आली.

ठिपक्याच्याही मर्यादा आहेत. चार कलांचा ठिपका ५० मीटरवर सुमारे ६ सेंटिमीटर, तर १०० मीटरवर सुमारे १२ सेंटिमीटर भाग झाकतो. संधिप्रकाशात ठिपका मंद केला नाही तर त्याच्या झळाळीने लक्ष्यच दिसत नाही. डोळ्यात दृष्टिवैषम्य असेल तर ठिपका फाटलेल्या चांदणीसारखा दिसतो. आणि बॅटरी संपली की ठिपका गेला.

धक्क्याचा हिशेब

समजा, १.४ किलोग्रॅमच्या ४४ मॅग्नम रिव्हॉल्व्हरमधून १५.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटली. संवेगाच्या अक्षय्यतेनुसार, वायूंचा वाटा सोडला तरी, रिव्हॉल्व्हर सेकंदाला सुमारे ४.५ मीटर वेगाने मागे येईल. नळी २० सेंटिमीटरची आणि गोळीचा सरासरी वेग २०० मीटर धरला, तर हे सारे एका मिलिसेकंदात घडते. त्वरण झाले ४५०० मीटर प्रति सेकंद वर्ग! दुर्बीण जडत्वामुळे जागीच राहू पाहते. तिचे वस्तुमान २५० ग्रॅम असेल तर तिला बरोबर ओढून नेण्यासाठी पकडीच्या स्क्रूंना सुमारे ११०० न्यूटन बल द्यावे लागेल. हे ११५ किलोग्रॅमच्या वजनाएवढे झाले. ५० ग्रॅमच्या ठिपक्याच्या साधनाला याचा पाचवा हिस्सा पुरतो. हिशेब ढोबळ आहे. पण जड दुर्बिणीच्या पकडी का सैल होतात, ते यावरून कळते. दुसऱ्या बाजूने, दुर्बिणीच्या वजनामुळे रिव्हॉल्व्हर थोडे कमी वेगाने उसळते, हा तिचा फायदा.

मग निवड कोणती?

दाट झाडीत, उभ्याने, ५० मीटरच्या आत नेम धरायचा असेल तर लाल ठिपका सरस. मोकळ्या माळावर, हाताला भक्कम टेकू असताना, ७५ ते १०० मीटरवर कमी वर्धनाची, दुपटीच्या आसपासची दुर्बीण बरी. प्राणी ओळखण्यासाठी मात्र वेगळी द्विनेत्री दुर्बीण हवी. झुडपामागे माणूसही असू शकतो. भरलेल्या शस्त्रावरच्या दुर्बिणीतून शोधाशोध करणे म्हणजे त्याच्यावर शस्त्र रोखणे. आणि कोणतेही साधन हाताचा कंप नाहीसा करत नाही. ज्या अंतरावरून प्रत्येक गोळी २० सेंटिमीटरच्या वर्तुळात बसते, तेवढीच त्या शिकाऱ्याची मर्यादा.

वर्गात करून पाहा

१५-२० सेंटिमीटर नाभीय अंतराचे बहिर्वक्र भिंग घ्या. काळ्या कागदाला टाचणीने भोक पाडून मागून विजेरी लावा आणि भोक भिंगाच्या नाभीवर ठेवा. भिंगातून बाहेर पडणाऱ्या किरणांच्या वाटेत साधी काच ४५ अंशांत उभी करा. काचेतून खिडकीबाहेरचा दूरचा खांब पाहा. प्रकाशाचा ठिपका त्यावर येईल अशी जुळवणी करा. आता डोके हलवा : ठिपका खांबावरच राहतो. भोक नाभीपासून चार-पाच सेंटिमीटर सरकवून पुन्हा डोके हलवा. ठिपका खांबावरून घसरू लागतो. दृष्टिभेद म्हणजे काय, हे मुलांना व्याख्येशिवाय कळेल.

हीच रचना लढाऊ विमानाच्या वैमानिकासमोरील काचेत असते. ‘तेजस’साठी ती चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने विकसित केली. हौशी आकाशनिरीक्षकही दुर्बीण ताऱ्याकडे वळवण्यासाठी लाल ठिपक्याचा शोधक लावतात. ठळक तारा पटकन गाठायचा तर ठिपका, अंधूक तारकागुच्छ हुडकायचा तर छोटी शोधक दुर्बीण. आकाशदर्शनाच्या पुढच्या कार्यक्रमात दोन्ही साधने मुलांच्या हाती द्या, आणि कोणते केव्हा सरस ते त्यांनाच ठरवू द्या.