यकृताचा जीर्ण विकार आणि आतड्यांची चाल

छत्तीसगडातील दुर्ग-भिलाई या जोडशहरांत बोरसी ही वस्ती आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली. या कारखान्याला लागणारे लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतून रेल्वेने येते. कारखान्यात माल उतरवून घेण्याचे काम खोळंबले, तर वाघिणींची रांग मागे लोहमार्गावर लांबत जाते. दोष कारखान्यात असतो, पण त्याचा त्रास मार्गाला होतो. मानवी शरीरात यकृत आणि आतडी यांचा संबंध काहीसा असाच आहे.

प्रौढ माणसाचे यकृत सुमारे दीड किलोग्रॅम वजनाचे असते. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश रक्त प्रवेशिका नीलेतून येते. ही नीला जठर, आतडी आणि प्लीहा यांचे रक्त गोळा करते. आतड्यात शोषलेले अन्नरस आणि त्यांबरोबर आलेली विषारी द्रव्ये प्रथम यकृतात पोचतात. प्रथिनांच्या विघटनातून निर्माण होणारा अमोनिया हे असेच एक द्रव्य होय. यकृत त्याचे यूरियात रूपांतर करते आणि मूत्रपिंडे तो यूरिया बाहेर टाकतात.

मद्यपान, ‘ब’ व ‘क’ प्रकारची विषाणुजन्य कावीळ, यकृतात साचणारी चरबी इत्यादी कारणांनी यकृताचा दीर्घकाळ दाह होत राहिला, म्हणजे मऊ पेशींच्या जागी कठीण तंतू वाढतात. यालाच यकृत-सूत्रण किंवा सिऱ्हॉसिस म्हणतात. अशा यकृतातून रक्त सहज वाहू शकत नाही. प्रवेशिका नीलेतील दाब वाढतो, आतड्यांच्या भिंतींत रक्त तुंबते व त्या सुजतात. पुढे पोटात पाणी साठून जलोदर होतो.

निरोगी आतडे कधीही स्वस्थ नसते. अन्न आले की त्याच्या भिंतीतील स्नायू क्रमाने आकुंचन पावून ते पुढे ढकलतात. यास क्रमसंकोच म्हणतात. पोट रिकामे असतानाही सुमारे दीड ते दोन तासांनी जोरदार आकुंचनांची एक लाट जठरापासून लहान आतड्याच्या टोकाकडे जाते. घरातील केर झाडून काढावा, तसे उरलेले अन्नकण आणि सूक्ष्मजंतू ती पुढे लोटते.

यकृत-सूत्रणाच्या अनेक रुग्णांत ही लाट दुबळी किंवा अनियमित होते आणि लहान आतड्यातून अन्न पुढे सरकण्यास अधिक वेळ लागतो. जठरही सावकाश रिकामे होते. म्हणून दोन घास खाताच पोट भरल्यासारखे वाटते. याचे कारण एकच नाही. सुजलेली भिंत, जलोदराचा दाब, स्वायत्त मज्जातंतूंचा बिघाड आणि स्नायूंना शिथिल करणारा नायट्रिक ऑक्साइड हे सर्व त्यास हातभार लावतात.

झाडणी थांबली की केर साचतो. लहान आतड्यात सूक्ष्मजंतूंची बेसुमार वाढ होते. सुजलेल्या भिंतीतून काही जंतू बाहेर निसटून जलोदराच्या पाण्यात शिरले, तर प्राणघातक संसर्ग होऊ शकतो. बद्धकोष्ठता झाली की मोठ्या आतड्यात अमोनिया अधिक काळ शोषला जातो. दुर्बल यकृत त्याला अडवू शकत नाही व तो मेंदूपर्यंत पोचतो. रुग्ण दिवसा झोपतो, रात्री जागतो, त्याचे हस्ताक्षर बिघडते, बोलणे असंबद्ध होते. शेवटी तो बेशुद्ध होतो.

आतड्यातील रक्त यकृतास टाळून गेल्यास काय घडते, हे रशियात पाव्हलॉव्ह व त्याच्या सहकाऱ्यांनी १८९३ साली दाखवून दिले. त्यांनी कुत्र्यांच्या प्रवेशिका नीलेतील रक्त शस्त्रक्रियेने परस्पर मोठ्या नीलेत वळवले. अशा कुत्र्यांना मांस खाऊ घातल्यावर ग्लानी आणि झटके येऊ लागले.

यावरील एक प्रमुख उपाय आतड्यांच्या चालीशीच निगडित आहे. लॅक्ट्यूलोज ही कृत्रिम शर्करा लहान आतड्यात शोषली जात नाही. मोठ्या आतड्यातील जंतू तिच्यापासून आम्ले तयार करतात. त्यामुळे अमोनिया सहजी न शोषल्या जाणाऱ्या रूपात बदलतो. शिवाय पाणी ओढले जाऊन शौचास साफ होते. या विकारावरील तिचा उपयोग १९६६ साली प्रथम प्रसिद्ध झाला. दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच व्हावे, या बेताने वैद्य तिची मात्रा ठरवतात.

पथ्याविषयी मात्र जुनी समजूत बदलली आहे. पूर्वी अशा रुग्णांची प्रथिने तोडली जात. आता त्यांना दररोज शरीराच्या प्रत्येक किलोग्रॅम वजनामागे सुमारे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने द्यावीत, असे तज्ज्ञ सांगतात. कारण अमोनियाचा काही भार स्नायू उचलतात आणि उपासाने तेच झिजतात. पोट लवकर भरत असल्यामुळे थोडे थोडे पण वारंवार खावे आणि रात्री निजण्यापूर्वीही काही खावे. केवळ उसाच्या रसावर रुग्णाला ठेवणे त्याच्या हिताचे नाही. बद्धकोष्ठता, काळे शौच किंवा झोपेतील उलटापालट दिसताच विलंब न करता वैद्यास दाखवावे. झोपेची गोळी स्वतःहून देऊ नये.

कारण सापडले तर रोग मुळातच टळू शकतो, हे महाराष्ट्राने अनुभवले आहे. लहान मुलांचा जीव घेणाऱ्या एका यकृत-सूत्रणाचा अभ्यास पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. शीला भावे व डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश वैद्य स्टुअर्ट टॅनर यांच्यासह केला. पितळेच्या भांड्यांत तापवलेले, साठवलेले दूध अर्भकांना लवकर पाजल्याने शरीरात तांबे साचत असावे, असे त्यांनी १९८३ साली मांडले. एरवी जादा तांबे पित्तावाटे आतड्यात उतरून बाहेर पडते. अर्भकाच्या यकृताला एवढा भार पेलत नाही. पितळेची जागा इतर भांड्यांनी घेतल्यावर हा रोग दुर्मीळ झाला.

तात्पर्य, यकृताच्या रुग्णाची रोजची भूक, झोप आणि शौच यांकडे घरच्यांनी लक्ष ठेवणे ही किरकोळ बाब नव्हे. संकटाची पहिली सूचना बहुधा तेथेच मिळते.