जादा पाण्याने मीठ जात नाही

"रानाला जरा जादा पाणी दे, मीठ खाली बसतं." दौंडमध्ये नव्या मुठा उजव्या कालव्याच्या पट्ट्यात आणि शिरूरला घोड-भीमेच्या काठी हा सल्ला इतका छातीठोकपणे दिला जातो, की आता चीड येते. वरंब्यावर पांढरा थर, उसाच्या पानांचे शेंडे करपलेले, मध्येच फुटवाच नसलेले पट्टे. आणि उपाय काय, तर आणखी एक पाळी!

मुळात मीठ पाण्याबरोबरच येतं. 1 डेसीसायमन क्षारता असलेल्या पाण्यात लिटरमागे सुमारे 640 मिलिग्रॅम क्षार असतात. वर्षभरात असं मीटरभर उंचीचं पाणी दिलं, तर एकरी अडीच टनांहून जास्त क्षार रानात आले. उसाला तर याहून जास्त पाणी जातं. पाणी ऊस पितो, उन्हाने उडून जातं. क्षार मागे राहतात. कोकणात खारजमिनीतलं मीठ पावसाने धुतलं जातं हे खरं, पण तिथे ओहोटीला उघाडीतून ते पाणी बाहेर काढतात. आपल्या खोल काळ्या रानातून त्याने जायचं कुठून? ते खाली तुंबतं, भूजल वर चढतं आणि उन्हाळ्यात केशाकर्षणाने तेच मीठ पुन्हा वर येतं.

यात नवीन काहीच नाही. शेजारच्या नीरा खोऱ्यात कालव्यामागून खारावलेल्या जमिनींवर हॅरॉल्ड मॅन आणि ताम्हणे यांनी 1910 मध्येच शेतीखात्यासाठी पुस्तिका लिहिली होती. शंभर वर्षांनंतरही आपण तेच करतो आहोत.

जिप्सम कुठेही चालतं? नाही. ते चोपण जमिनीसाठी, आणि निचरा असेल तरच. ठिबक केलं की मीठ संपलं? नाही, ते ओलाव्याच्या कडेला साठतं. सगळा दोष रासायनिक खतांचा? त्यांनी भर पडते, पण पाणी आणि तुंबलेला निचरा ही मोठी कारणं.

आधी माती तपासा. संपृक्त अर्काची क्षारता 4 डेसीसायमनच्या वर असेल, तर जमीन क्षारयुक्त, सामू 8.5 च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम 15 टक्क्यांहून जास्त, तर चोपण. दोन्हींना निचरा लागतोच, आणि एकट्याचा चर शेजाऱ्याच्या बांधाला अडतो. म्हणून ओढ्यापर्यंतचा चर सगळ्यांनी मिळून काढा. तो वाहता झाल्याशिवाय मीठ धुवायला पाणी सोडू नका.