जुन्या भिंतींचा चुना : बॉम जीझसचा उतरवलेला गिलावा

गेल्या आठवड्यात चुना भट्टीतून भिंतीपर्यंत कसा येतो ते पाहिले. आज पाहायची ती जुन्या गोव्यातली बॉम जीझस बॅसिलिका, जिच्या अंगावरून तो खरवडून काढला गेला. जेझुइटांनी १५९४ मध्ये तिचे बांधकाम सुरू केले आणि १६०५ मध्ये तिचे अभिमंत्रण झाले. सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष इथे असल्याने देशोदेशीचे भाविक येतात आणि दर्शनी भिंतीचा तांबूस, उघडा दगड पाहून मूळचे चर्च असेच असणार असे समजून परततात. पण एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांत ही इमारत पांढरी आहे. गिलावा उतरला तो १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, पोर्तुगीज वास्तुविशारद बाल्ताझार कास्त्रो यांच्या देखरेखीखाली. आज आपण ज्याला प्राचीन म्हणतो, ते रूप गेल्या शतकातले आहे. माझे स्पष्ट मत आहे की चुन्याचा गिलावा पुन्हा चढवला पाहिजे.

कारण दगडातच आहे. चर्चच्या भिंती जांभ्याच्या. वसई भागातून आणलेला काळा पत्थर फक्त दर्शनी भागाच्या खांबांना आणि कोरीव कामाला. काळा पत्थर पाणी सहज पीत नाही, जांभा मात्र सच्छिद्र. गोव्यात वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. ते पाणी छिद्रांतून आत जाते, उन्हाळ्यात बाहेर पडताना क्षार पृष्ठभागावर आणते आणि दगडाचा भुगा होत राहतो. कोकणातला वाचक इथे हटकून विचारेल की आमची चिरेबंदी घरे पिढ्यान्‌पिढ्या उघडीच उभी आहेत, त्यांचे काय? प्रश्न रास्त आहे, पण त्या घरांवर भिंतीच्या पुष्कळ बाहेर आलेले उतरते छप्पर असते, पागोळ्या अंगणात पडतात. या उंच दर्शनी भिंतीला असा आडोसाच नाही. शिवाय कुंपणाचा चिरा झिजला तर खाणीतून दुसरा आणता येतो. इथला घडीव दगड गेला की त्याच्यासोबत त्या कारागिराचा हातही जातो.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. तांबडी भिंत हीच आता चर्चची ओळख झाली आहे, १९८६ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला तेव्हाही ती तशीच होती. मग नवा गिलावा हा इतिहासाचा बनाव नाही का? लोकांच्या या जिव्हाळ्याचा मला आदर आहे. पण चुन्याचा थर मुळात झिजण्यासाठीच असतो. काही वर्षांनी तो नव्याने द्यायचा, म्हणजे आतला दगड शाबूत राहतो. त्यामुळे तो नवा असण्यात खोटे काहीच नाही. रस्त्यापलीकडचे से कॅथेड्रलही जांभ्याचेच, आणि त्याचे पांढरेपण कुणाला बनावट वाटत नाही. अट एकच, सिमेंट अजिबात वापरू नये, कारण ते आत शिरलेली ओल कोंडून धरते. आधी कमी नजरेत येणाऱ्या एखाद्या भिंतीवर चुना लावावा, दोन-तीन पावसाळे तिची ओल मोजावी आणि मगच दर्शनी भागाला हात घालावा.