वाचलं, पण कळलं का?

तलवाड्यातला नववीचा वर्ग. मुलगा धडा घडाघडा वाचतो, जोडाक्षराला अडत नाही. "लेखकाला परत जावंसं का वाटलं नाही?" असं विचारलं की त्याचं बोट उताऱ्यावर फिरू लागतं. प्रश्नातला शब्द जिथे सापडेल ती ओळ तो जशीच्या तशी वाचून दाखवतो. परीक्षेत या युक्तीने काही गुण मिळूनही जातात, म्हणून ती सहजी सुटत नाही.

अशा वेळी मी पुस्तक मिटायला सांगतो आणि फळ्यावर तीन वाक्यं लिहितो : 'दसरा झाला. आईने गोधड्या बांधल्या. आजीने नातीचं दप्तर फळीवर ठेवलं.' घरचे कुठे निघाले?

"ऊसतोडीला!" आमच्या गेवराई तालुक्यात हे उत्तर क्षणात येतं. पण ऊस हा शब्द फळ्यावर आहे कुठे? मग पुरावे निघतात. "सर, दसऱ्यानंतरच टोळ्या निघत्यात." "गोधड्या बांधल्या म्हंजी मुक्काम लांबचा." नात बरोबर जाणार की आजीकडे राहणार? इथे वर्गात दोन तट पडतात. "आजी घरीच आहे, तिच्यापाशी राहील." मागच्या बाकावरून मुलगी म्हणते, "राहणार असती तर दप्तर फळीवर कशाला ठेवलं असतं?" अनुमान कुणाचंही असो, ओळीवर बोट ठेवूनच ते पटवून द्यायचं, हा नियम.

मग पुन्हा धड्याकडे. प्रत्येक परिच्छेदानंतर थांबायचं. 'त्यांनी' म्हणजे कुणी? 'तरीही' आलंय, तर आधी काय अडचण होती? शेवटी पुस्तक मिटून परिच्छेदाचा गाभा एका वाक्यात सांगायचा, घरच्या बोलीत सांगितला तरी चालतो. या पद्धतीने तासाला एखादं पानच होतं, पण ते पान मुलांचं झालेलं असतं.

पुढचा उतारा कापसावर फवारायच्या कीटकनाशकाच्या माहितीपत्रकाचा. डब्यावरचा लाल त्रिकोण म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निर्धोक का? मुलं आधी हो म्हणतात. परत वाचल्यावर त्यांना कळतं की हिरव्यातही विष आहे, फक्त कमी.

2023 च्या 'असर' या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भागातल्या 14 ते 18 वयाच्या सुमारे 25 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूरही प्रादेशिक भाषेतून सलग वाचता आला नव्हता. त्यांना आधी सलग वाचण्यासाठीच हात द्यावा लागेल. पण ज्यांना वाचता येतं, त्यांना समजतंच, असं आपण गृहीत धरतो आणि तिथेच त्यांना सोडून देतो.

हे काम एकट्या मराठीच्या शिक्षकाचं नाही. गणिताचं शाब्दिक उदाहरण मुलाला अडतं, ते अनेकदा आकडेमोडीत नव्हे, वाक्यात. म्हणून प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने तासातली दहा मिनिटं वाचनाला द्यावीत आणि प्रत्येक उत्तरानंतर एकच प्रश्न विचारावा : "कशावरून?"