दारापुढची जागा आणि परकी गाडी

गिरगावापासून दादरपर्यंतच्या पट्ट्यात घरापुढची मोकळी जागा क्वचितच एकट्या घराची असते. खोताच्या वाडीतील लाकडी घरांना ओटी आणि चार पायऱ्या असतात व त्या उतरताच पाय थेट गल्लीत पडतो. लालबाग-परळच्या चाळींना मधला चौक किंवा पुढचे पटांगण असते, ज्यावर सगळ्या खोल्यांचा सारखाच वापर वर्षानुवर्षे चालत आलेला असतो. तर दादरच्या हिंदू कॉलनीत आणि शिवाजी पार्कच्या आसपासच्या जुन्या इमारतींना कुंपणाच्या आत एक पट्टी सोडलेली असते, जिथे नारळ, जास्वंद आणि तळमजल्यावरच्या घराच्या कुंड्या दिसतात. मुले याच जागेत खेळतात, वाळवणे इथेच पडतात, गणपतीचा मंडप इथेच उभा राहतो आणि घरातील गेलेल्या माणसाला शेवटचा निरोपही इथेच दिला जातो. आज या तिन्ही प्रकारच्या जागांत कोणाच्या तरी गाड्या उभ्या राहतात, आणि त्या कशा थांबवाव्यात हा प्रश्न या वस्त्यांतील नित्याच्या तंट्यांपैकी एक झाला आहे.

ही जागा बांधकामातून उरलेली म्हणून राहिली, असा समज असेल तर तो दूर करावा लागेल. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि दाटीवाटीच्या, उजेड न पोचणाऱ्या घरांचा प्रश्न सरकारला टाळता येईनासा झाला. त्यातून १८९८ मध्ये मुंबई सुधार न्यास, म्हणजेच बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या वसाहती आखताना दोन इमारतींत अंतर, रस्त्यापासून मागे सरकलेले बांधकाम आणि हवा खेळती ठेवणारी मोकळीक यांवर या न्यासाने भर दिला. पुढे १९२०च्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे ज्या चाळी उभ्या केल्या व ज्यांना लोक आजही बीडीडी चाळी म्हणतात, त्यांच्याही इमारतींमध्ये मोकळ्या पट्ट्या राखलेल्या होत्या. गिरणीचा भोंगा झाला की चालत कामावर पोचणाऱ्या कामगारांसाठी बांधलेल्या या घरांच्या आराखड्यात मोटारीचा विचार नव्हता, आणि असण्याचे कारणही नव्हते.

येथे एक साधा हिशेब मांडणे आवश्यक आहे. मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीने मोठ्या मोटारीच्या एका जागेसाठी अडीच मीटर रुंदी आणि साडेपाच मीटर लांबी धरली होती. याचा अर्थ पावणेचौदा चौरस मीटर, म्हणजे सुमारे १४८ चौरस फूट. बीडीडी चाळीतील एक खोली १६० चौरस फुटांची असते. ज्या जागेत तीन पिढ्यांचे कुटुंब राहिले, स्वयंपाक झाला, अभ्यास झाले, जवळजवळ तेवढीच जागा एक उभी मोटार अडवते, आणि ती वळवायला लागणारी वाट या मापात धरलेलीच नाही. चाळीच्या पटांगणात चार गाड्या शिरणे म्हणजे चार खोल्यांइतकी जागा साऱ्या वस्तीच्या वापरातून जाणे होय, ही गोष्ट तक्रार करणाऱ्यांनाही बहुधा इतक्या स्पष्टपणे जाणवलेली नसते.

गाड्या येतात कोठून, याचे उत्तर परिसराच्या बदललेल्या व्यवसायात आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर कार्यालये, मॉल आणि उंच इमारती आल्या; केईएम आणि टाटा रुग्णालयांत राज्यभरातून रुग्ण येतात; दादरच्या फुलबाजारात आणि कपड्यांच्या दुकानांत सणासुदीला गर्दी लोटते. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या आसपासच्या रस्त्यांवर बेकायदा उभ्या राहणाऱ्या चारचाकींसाठी दहा हजार रुपयांपासून पुढे दंड ठरवला होता. अशा उपायाचा धाक रस्त्यापुरताच असतो. रस्त्यावर दंड आणि आतल्या वाडीत काहीच नाही, असे असले की गाडी आत येणारच. मात्र सर्व दोष बाहेरच्यांवर टाकणे न्याय्य ठरणार नाही. पटांगण भरण्याची सुरुवात अनेक ठिकाणी तिथल्याच रहिवाशाच्या पहिल्या मोटारीने झालेली असते, आणि शेजाऱ्याच्या गाडीला कोणी हरकत घेतली नाही म्हणून पाहुण्याची, मग ओळखीच्या दुकानदाराची आणि शेवटी अनोळखी माणसाची गाडी तिथे उभी राहू लागते.

उपाय शोधण्याआधी जमीन कोणाची हे ठरवावे लागते, कारण कायदा प्रत्येक जागेला वेगळा लागतो. मोटार वाहन कायदा, १९८८ हा ‘सार्वजनिक जागे’पुरता, म्हणजे जिथे जाण्याचा जनतेला हक्क आहे अशा जागेपुरता बोलतो. गाडी गेटबाहेर रस्त्यावर उभी राहून येण्याजाण्याची वाट अडवत असेल तर अडथळा होईल अशा रीतीने वाहन सोडण्याविषयीचे कलम १२२ आणि वाहन उचलून नेण्याविषयीचे कलम १२७ लागू होते, आणि वाहतूक पोलिसांना चलन करता येते व गाडी उचलताही येते. तीच गाडी गेटच्या आत, खासगी पटांगणात असेल तर वाहतूक पोलीस बहुधा हात वर करतात. रहिवाशांना ही टाळाटाळ वाटते. प्रत्यक्षात वाहतूक पोलिसांचा अधिकार त्या उंबरठ्याशी संपलेला असतो. आतल्या जागेसाठी स्थानिक पोलीस ठाण्यात अतिक्रमी प्रवेशाची तक्रार करता येते. भारतीय न्याय संहितेचे कलम ३२९ हे त्याविषयीचे असून, केवळ गाडी लावणे पुरेसे नसते, तर धमकावण्याचा, अपमान करण्याचा, त्रास देण्याचा किंवा गुन्हा करण्याचा हेतू दाखवावा लागतो. म्हणूनच आधी लेखी समज देणे आणि ती देऊनही गाडी पुन्हा आली याचा तारखेसह पुरावा ठेवणे महत्त्वाचे असते.

आत कोणाचा शब्द चालतो, हेही प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. सहकारी गृहनिर्माण संस्थेत मोकळी जागा सर्व सभासदांची सामायिक असते. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात असा निर्णय दिला की इमारतीच्या खांबांमधली मोकळी जागा, जिला बोलीभाषेत स्टिल्ट म्हणतात, ती आणि उघड्यावरची पार्किंगची जागा विकासकाला सुटी विकता येत नाही. ती सामायिक सोयींचाच भाग आहे. संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार पार्किंगचे धोरण सर्वसाधारण सभा ठरवते, जागा कमी असल्यास चिठ्ठ्या टाकून वाटप होते, आणि ज्याला जागा मिळते त्याला तिची मालकी मिळत नाही. नियम मोडणाऱ्या सभासदाला कारणे दाखवा नोटीस देऊन आणि सभेपुढे त्याचे म्हणणे ऐकून दंड लावता येतो. वाद मिटला नाही तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे.

पागडीच्या चाळीत यातले काहीच नसते. तिथे जमीन घरमालकाची असते, भाडेकरूकडे खोलीची भाडेपावती असते आणि पटांगणाविषयी त्या पावतीत सहसा शब्दही नसतो. घरमालक अनेकदा दूर राहतो किंवा त्याचे वारस आपसांत भांडत असतात, आणि कधी तोच बाहेरच्या माणसाला महिन्याच्या भाड्याने पार्किंग देतो. अशा वेळी चाळ कमिटीने घरमालकाला लेखी कळवून साखळी लावण्याची संमती मिळवावी, आणि ती मिळत नसेल तर जाण्यायेण्याच्या व वापराच्या चालत आलेल्या हक्कावर बोट ठेवून दिवाणी न्यायालयात मनाई हुकूम मागावा, हा मार्ग सावकाशीचा असला तरी खरा आहे. विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ या कायद्यात अशा मनाई हुकमांची तरतूद आहे.

येथे वहिवाटीच्या कायद्याकडे दुर्लक्ष करू नये. १८८२चा सुखाधिकार कायदा मुळात मुंबई इलाख्याला लागू नव्हता. तो १८९१ मध्ये येथे लागू करण्यात आला. सुखाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचा ठरावीक उपयोग करण्याचा हक्क, आणि वीस वर्षे उघडपणे, विनाअडथळा व हक्काने चाललेल्या वापरातून तो निर्माण झाल्याचा दावा करता येतो. पार्किंगच्या बाबतीत असा दावा सहज सिद्ध होत नाही, तरी मौन हे धोक्याचेच असते. उलट परवानगी देऊन करू दिलेला वापर हा केवळ अनुज्ञप्ती, म्हणजे सामान्यतः मागे घेता येणारी मुभा, ठरतो. म्हणून ओळखीच्या माणसाला गाडी लावू द्यायचीच असेल तर ‘असू दे’ म्हणण्यापेक्षा मुदत घातलेला दोन ओळींचा कागद देणे कितीतरी शहाणपणाचे आहे.

लोक प्रत्यक्षात जे करतात ते याहून घाईचे असते. रस्त्याच्या कडेला दगड, जुने टायर, सिमेंट भरलेले डबे किंवा मोठ्या कुंड्या ठेवून जागा अडवली जाते. जमीन महापालिकेची असेल तर हेही अतिक्रमणच असते आणि मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ खाली महापालिका ते उचलून नेऊ शकते. ‘गेटसमोर गाडी लावल्यास हवा काढली जाईल’ अशा पाट्या गावभर दिसतात. पण हवा काढणे, काच फोडणे किंवा गाडी साखळीने बांधून माणसाला अडकवणे यांतून तक्रारदारच आरोपी होण्याची शक्यता असते. ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच पोलीस ठाण्यात खाली मान घालून उभे राहावे, ही स्थिती खरोखर दुःखदायक आहे आणि ती टाळता येण्यासारखी आहे.

स्वतःच्या हद्दीत मात्र बरेच करता येते. आडवे पाडता येणारे, कुलपाचे लोखंडी खांब बसवणे, प्रवेशापाशी साखळी लावणे, रहिवाशांच्या गाड्यांना दरवर्षी रंग बदलणारे स्टिकर देणे आणि मराठीत ठळक पाटी लावणे हे उपाय साधे आहेत व ते टिकतात. खांब किंवा साखळी बसवताना एक अट कधीही मोडू नये: रुग्णवाहिका आणि अग्निशमन दलाची गाडी यांना क्षणात वाट मिळाली पाहिजे. उंच इमारतींभोवती किमान एका बाजूस सहा मीटरची मोकळी जागा राखण्याचा नियम याच गाड्यांसाठी आहे, आणि ज्या चाळींत लाकडी जिने व एकच वाट असते तिथे त्या वाटेवर उभी असलेली मोटार हा माणसांच्या जिवाशी खेळ असतो.

पुनर्विकासाने हा प्रश्न सुटेल असे मानणाऱ्यांनी दादरच्याच एका निर्णयाकडे पाहावे. कोहिनूर गिरणीच्या जागेवरील प्रकल्पाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१३ रोजी स्पष्ट केले की रहिवाशांसाठीची किमान मनोरंजनाची मोकळी जागा जमिनीवर, आभाळाखाली असली पाहिजे. पार्किंगच्या मजल्यांवर बांधलेल्या गच्चीने, म्हणजे पोडियमने, ती भरून निघत नाही. बाग वर आणि गाड्या खाली हा विकासकांना सोयीचा क्रम न्यायालयाने त्या किमान क्षेत्रापुरता नाकारला, आणि नवीन इमारतीच्या करारावर सही करण्यापूर्वी नकाशात ही जागा नेमकी कोठे दाखवली आहे हे पाहणे प्रत्येक भाडेकरूचे काम आहे.

गाडी विकत घेण्याच्या क्षणीच जागेचा प्रश्न विचारावा, हा विचार जगात नवा नाही. जपानने १९६२ मध्ये कायदा करून मोटार ठेवण्याची जागा दाखवणे मालकावर बंधनकारक केले, आणि तिथे बहुतेक मोटारींसाठी पोलिसांचा तसा दाखला लागतो. महाराष्ट्रातही २०२५ मध्ये अशा दाखल्याशिवाय नव्या वाहनाची नोंदणी करू नये, असा विचार परिवहन खात्याने मांडला. तो अमलात आला तर चाळीच्या पटांगणातील जागेचा दाखला कोण देणार आणि एकाच चौकात किती दाखले देता येतील, हे आधी ठरवावे लागेल, नाहीतर ज्या जागा आज चोरून व्यापल्या जातात त्यांना उद्या शिक्का मिळेल. त्यासाठी प्रत्येक चाळ कमिटीने आणि संस्थेने आपल्या मोकळ्या जागेचा नकाशा आताच मोजून काढावा. त्यात अग्निशमन गाडीची वाट, पाण्याच्या टाकीचे झाकण, मंडपाची जागा, मुलांचे मैदान आणि तुळशीवृंदावन आधी आखावे, आणि त्यानंतर जे उरेल त्यातच गाड्यांचे चौकोन काढावेत.