जुन्या गाडीची पेट्रोलची टाकी गळतेय? वेल्डरकडे नेण्याआधी हे वाचा

गेल्या महिन्यात अब्बांच्या मारुती 800 मध्ये मागे बसलेला माझा भाचा म्हणाला, "खाला, पेट्रोलपंप आला का?" पंप तर दोन किलोमीटर मागे राहिला होता. घरी येऊन गाडीखाली वाकून पाहिलं. टाकीच्या तळाला ओल होती आणि फरशीवर रुपयाएवढा डाग पडलेला.

धाकटा भाऊ लगेच म्हणाला, "आपा, टेन्शन नको. टाकी रिकामी करून नाक्यावरच्या वेल्डरकडे नेतो. पाच मिनिटांत टाका मारून देईल."

हा लेख खरं तर त्या पाच मिनिटांसाठी लिहितेय. आपल्याकडे बऱ्याच घरांत पंधरा-वीस वर्षांची एखादी गाडी असतेच. अब्बांची असते, चाचांची असते, विकायला मन होत नाही. तिची टाकी कधीतरी गळणार. आणि तेव्हा कुणीतरी म्हणणारच, रिकामी तर आहे, मार टाका.

मी शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून जरा वर्गातल्यासारखं सांगते. पेट्रोल पेटतं म्हणजे त्याची वाफ पेटते, द्रव नाही. ही वाफ उणे 40 अंशांच्या आसपासच्या थंडीतही ठिणगी मिळाली की पेट घेऊ शकते, मग आपल्याकडच्या उन्हाळ्याचं विचारूच नका. हवेत ती साधारण दीड ते साडेसात टक्के असली की स्फोट होऊ शकतो. काठोकाठ भरलेल्या टाकीत वाफेला जागाच नसते. रिकाम्या टाकीत मात्र तळाशी चमचाभर पेट्रोल, वर भरपूर हवा, म्हणजे स्फोटाची सगळी तयारी झालेली. म्हणून रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. पाण्याने दोनदा विसळली, उन्हात वाळवली, तरी पत्र्याच्या जोडात आणि आतल्या गंजात पेट्रोल मुरलेलं राहतं. वेल्डिंगच्या उष्णतेने ते पुन्हा वाफ होऊन बाहेर येतं.

भावाला एवढं सांगितल्यावर तो गप्प बसला. मग आम्ही आमच्या ओळखीच्या जुन्या मिस्त्रींना बोलावलं. मी त्यांना चाचाच म्हणते. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "टाकीच गळतेय हे कुणी ठरवलं?"

हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ओल टाकीवर दिसते, पण गळती बऱ्याचदा वरून येते. पेट्रोल भरायच्या तोंडापासून टाकीपर्यंत एक जाड रबरी नळी असते, ती तडकते किंवा तिची क्लिप सैल होते. अशी गळती टाकी फुल केल्यावरच दिसते. इंजिनकडे जाणाऱ्या बारीक नळ्या असतात. काट्याचा फ्लोट बसवलेला असतो तिथलं पॅकिंग कडक होतं. यातलं काही असेल तर नळी, क्लिप किंवा पॅकिंग बदललं की काम संपलं, टाकीला हात लावायची गरज नाही. चाचांनी ओली जागा कापडाने कोरडी पुसली आणि घरातली घमोळ्यांची पावडर तिथे फुंकली. दहा मिनिटांत पावडरीवर एक ओली रेघ उमटली. ती टाकी धरून ठेवणाऱ्या पट्टीखालून येत होती.

कारणही कळलं. 2021 च्या जुलैमध्ये चिपळूणला पूर आला तेव्हा ही गाडी चाकं बुडेपर्यंत पाण्यात होती. आतून धुतली, सीट वाळवल्या, पण पट्टी आणि टाकीच्या मधला चिखल कुणी काढला? तो तिथेच ओला राहून पत्रा खात बसला. कोकणातली दमट हवा वरून. तुमची गाडी कधी पुरात उभी राहिली असेल तर ही जागा एकदा बघून घ्या.

गळती किती आहे याचा अंदाज घ्यायचा तर थेंब मोजा. आमच्याकडे दोन सेकंदांना एक थेंब पडत होता. म्हणजे दिवसाला 43,200 थेंब. पेट्रोलचा थेंब पाण्याच्या थेंबाहून लहान, एका मिलीलिटरमध्ये 40 धरले तरी दिवसाला लिटरभर झालं. पैशाचं सोडा, ही लिटरभर वाफ जाते कुठे? ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. वर उडून जात नाही, जमिनीलगत सरकत राहते, पायरीखाली, गटारात, उंबऱ्यावरून स्वयंपाकघरातही. म्हणून गळणारी गाडी बंद शेडमध्ये किंवा जिन्याखाली ठेवू नका. उघड्यावर ठेवा आणि जवळ शेगडी, लोबान, अगरबत्ती, विडी-सिगारेट काही नको. आमच्या शेजारच्या काकांना हे सांगताना थोडं वाईट वाटलं, पण सांगितलं.

गाडी अडचणीच्या जागी गळायला लागली तर एक जुना उपाय आहे, अंघोळीचा साबण. किंचित ओला करून मळायचा आणि छिद्रावर दाबून बसवायचा. साबण पेट्रोलमध्ये सहसा विरघळत नाही, त्यामुळे थोडा वेळ गळती थांबते. पण पाण्याने तो निघून जातो, पावसात तर लगेच. गाडी सुरक्षित जागी नेऊन उभी करण्यापुरताच तो उपाय. साबण लावून कुटुंब घेऊन ईदला गावी निघायचं नाही.

आता खरी दुरुस्ती. सुईच्या टोकाएवढं छिद्र असेल आणि भोवतीचा पत्रा मजबूत असेल तर विस्तव न लावता काम होतं. गाडी मोकळ्या हवेत, इंजिन पूर्ण थंड, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. गाडीखाली जायचं तर नुसत्या जॅकवर कधीच नाही, खाली स्टँड हवेत. उजेडासाठी बॅटरीवरचा एलईडी टॉर्च, वायरचा पिवळा बल्ब नाही. तो फुटला की तीच ठिणगी.

पेट्रोल काढायला हातपंप वापरा. नळी तोंडात धरून ओढायची आपल्याकडे फार सवय आहे. मी कळकळीने सांगते, करू नका. घोटभर पेट्रोल श्वासनळीत गेलं तर फुप्फुसांना गंभीर इजा होते. कुणी चुकून गिळलंच तर उलटी करवू नका, उलटीत ते पुन्हा फुप्फुसात जाऊ शकतं. सरळ दवाखान्यात न्या. काढलेलं पेट्रोल झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये, कॅन जमिनीवर ठेवून. पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर अजिबात नाही, घरात मुलं असतात.

टाकी रिकामी झाली की गंज हाताने काढायचा, वायर ब्रश आणि पॉलिश पेपरने, हलक्या हाताने. ड्रिल किंवा ग्राइंडर लावायचा नाही. पांढरा चकचकीत पत्रा दिसला पाहिजे, छिद्राभोवती चारी बाजूंनी निदान एक इंच. मग थिनरच्या फडक्याने पुसून पूर्ण वाळू द्यायचं. दोन भाग एकत्र मळायची इपॉक्सी पुटी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पण पाकिटावर पेट्रोलच्या टाकीला चालते असं लिहिलेलंच घ्या. हातमोजे घालून रंग एकसारखा होईपर्यंत मळा, छिद्रात दाबून भोवती पसरवा. ओल्या किंवा रंग असलेल्या पत्र्यावर ती धरत नाही. लोक म्हणतात पुटी टिकत नाही, तेव्हा बहुतेक वेळा खरी चूक इथेच झालेली असते. पाकिटावर कितीही लवकर वाळेल असं लिहिलेलं असो, आम्ही रात्र आणि पूर्ण दिवस तिला हात लावला नाही.

पण पुटी लावण्याआधी चाचांनी एक गोष्ट केली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यांनी छिद्राच्या आजूबाजूला ठोकून पाहिलं. ठणठण आवाज आला तर पत्रा शाबूत. आवाज बसका आला, पापुद्रे पडले किंवा दुसरं छिद्र उघडलं, तर पुटी म्हणजे स्वतःची फसवणूक. मग टाकीच बदलायची. जोडाच्या शिवणीवर गळत असेल तरीही मी पुटीवर विसंबणार नाही. नवीन टाकी मिळाली तर उत्तम, नाहीतर कुर्ल्यासारख्या ठिकाणी जुन्या पार्टच्या दुकानात चांगली बघून घ्यायची. डाख किंवा वेल्डिंगच करायचं असेल तर टाक्यांचंच काम करणारा कारागीर शोधा आणि आधी विचारा, वाफ कशी काढता? "फुंकर मारतो" असं उत्तर आलं तर टाकी घेऊन परत या.

आमचा पत्रा ठणठणीत निघाला. तरी चाचांनी गाडीखालच्या सगळ्या रबरी नळ्या बदलायला लावल्या. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांत रबराचे काही भाग बदलावे लागू शकतात हे पेट्रोलियम मंत्रालयानेही 2025 मध्ये सांगितलं आहे. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढतं, त्यामुळे उभी राहणारी गाडी आतूनही गंजते. अब्बांची गाडी आठवड्यातून एकदाच निघते, म्हणून आता तिच्यात जेवढं लागतं तेवढंच ताजं पेट्रोल टाकतो.

पुटी वाळल्यावर आधी फक्त 5 लिटर भरलं, गाडीखाली जुनं वर्तमानपत्र अंथरलं आणि सकाळी पाहिलं. कोरडं. मग टाकी अर्धी भरून पुन्हा एक रात्र. तेही कोरडं. आता दर रविवारी अब्बा स्वतः पेपर वाचून झाला की गाडीखाली सरकवतात, आणि दाराशी वाळूची बादली आणि पावडरचा छोटा अग्निशामक भाऊ ठेवून गेलाय.